उजवीकडचा रकाना

पाठाच्या टाचणाला, म्हणजे तास कसा घ्यायचा याच्या लेखी आराखड्याला, आमच्याकडे दोन मोठे रकाने असतात. डावीकडे 'अध्यापक कृती', उजवीकडे 'विद्यार्थी कृती'. डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेच्या, पहिल्या वर्षी असे कितीतरी कागद मी भरले. डावा रकाना भरायला दोन-दोन तास लागायचे. प्रास्ताविकाचे प्रश्न, हेतुकथन, फलकलेखन, तक्ता कधी दाखवायचा, शाबासकी कधी द्यायची, सगळं त्यात यायचं. उजवा मात्र पाच मिनिटांत उरकायचा. 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.' 'विद्यार्थी निरीक्षण करतात.' 'विद्यार्थी उत्तर देतात.' 'विद्यार्थी वहीत लिहून घेतात.' ही चार वाक्यं आलटून पालटून खाली उतरवत गेलं की झालं. रात्री मेसमधून आल्यावर हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघी एकमेकींचा उजवा रकाना बघून लिहायचो. जी मुलं अजून डोळ्यांनी पाहिली नव्हती, ती उद्या काय करणार हे आम्ही आदल्या रात्रीच शाईने लिहून मोकळ्या व्हायचो.

यंदा दुसरं वर्ष. आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याच्या सरावासाठी, पुरंदर तालुक्यातली जिल्हा परिषदेची एक छोटी शाळा मिळाली. मी सासवडला मावशीकडे राहते आणि सकाळच्या एसटीने गावात जाते. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्ध्यात मिळतं. माझ्यासारखीला हा अर्धा आकडा फार मोठा आहे. घरून येणाऱ्या पैशांत रोजचं जाणं-येणं भागतं ते त्यामुळेच. गाडीत बहुतेक ओळखीचे चेहरे असतात: एक आरोग्यसेविका, कॉलेजची दोन मुलं, बाजारातून परत निघालेल्या बायका. सीताफळांच्या दिवसांत गाडीभर त्या फळांचा गोड, जड वास कोंडलेला असायचा. आता वाटाणा आणि कोथिंबीर.

शाळा पहिली ते चौथी. मुलं एकेचाळीस, शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच आहे, ६० मुलांपर्यंत २ शिक्षक. म्हणजे एका खोलीत दोन वर्ग आलेच. मुख्याध्यापक गुरुजींकडे पहिली-दुसरी, बाईंकडे तिसरी-चौथी. मी बाईंच्या हाताखाली. मुलं त्यांना 'बाई' म्हणतात आणि मला 'मॅडम'. पहिल्या दिवशी बाईंनी मला वर्गाच्या मागच्या बाजूला सतरंजीवर मुलांत बसवलं आणि म्हणाल्या, "आठ दिवस काही शिकवू नकोस. नुसतं बघ. कोण कुणाकडं बघून लिहितं, एवढं जरी कळलं तरी पुष्कळ."

मला ते आठ दिवस फुकट गेल्यासारखे वाटले होते. मला शिकवायचं होतं. 'सक्रिय अध्ययन', म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकणं, हा शब्द कॉलेजात इतक्या वेळा कानावर पडला होता की माझ्या पिशवीत त्याची सगळी तयारी होती: रंगीत कार्डशीट, चकमकीत कागद, गटांना द्यायची नावं, टाळ्यांचे प्रकार, बेरजेचं गाणं. माझा पहिला निरीक्षणाचा पाठ, म्हणजे ज्यावर शेरा आणि गुण मिळतात तो, याच सामानावर झाला. मुलं गटात बसली, गाणं म्हणाली, कार्डं उचलून फळ्यावर चिकटवली, टाळ्या वाजवल्या. खोली नुसती हलत होती. शेरा चांगला आला. 'विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग' या शब्दांखाली रेघही होती. मी तो कागद मावशीला दाखवला, आईला त्याचा फोटो पाठवला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याच मुलांना फळ्यावर एक वजाबाकी दिली. ५२ मधून २७. तिसरीच्या बारा मुलांपैकी नऊ जणांनी उत्तर लिहिलं ३५.

हे ३५ कुठून आलं ते कळायला मला थोडा वेळ लागला. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलांनी सातातून दोन काढले. पाच. मग पाचातून दोन, तीन. मोठ्यातून लहान वजा करायचं, हा नियम त्यांनी मनापासून पाळला होता. आळस नव्हता, दुर्लक्ष नव्हतं. नऊच्या नऊ मुलांनी विचार करूनच चुकीचं उत्तर काढलं होतं, आणि माझ्या आदल्या दिवशीच्या टाळ्यांत त्या विचारापर्यंत मी पोचलेच नव्हते. कार्ड कुठे चिकटवायचं हे मी आधीच सांगितलेलं होतं. मुलांचे हात चालत होते, एवढंच. डोकं मी माझ्याकडे ठेवून घेतलं होतं.

बाई म्हणाल्या, "आता तू घे."

मी फळ्याकडे गेले आणि मला जसं शिकवलं होतं तसंच शिकवलं. "दोनातून सात जात नाहीत. मग काय करायचं? शेजारच्या पाचाकडून एक उसना घ्यायचा." मुलांनी माना डोलावल्या. तिसरीतली एक मुलगी, दोन वेण्या आणि निळ्या रिबिनींची, हात वर न करताच म्हणाली, "मॅडम, मग परत कधी द्यायचा?"

मी विचारलं, "काय परत द्यायचं?"

"उसना घेतलेला."

वर्गात कुणी हसलं नाही. प्रश्न सगळ्यांनाच रास्त वाटला. त्यांच्या घरी शेजारून वाटीभर साखर येते, विरजण येतं, पाहुणे आले की कपबश्या येतात, आणि आलेलं परत जातं. उसनं घेऊन न देणारं घर गावाला ठाऊक असतं. मी म्हणाले, "गणितात परत द्यायचं नसतं." तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून उदाहरण उतरवून घेतलं. टाचणातलं वाक्य खरं झालं. 'विद्यार्थी वहीत लिहून घेतात.'

ती खाली गेलेली मान परतीच्या गाडीत माझ्या डोळ्यांपुढून हलेना. रात्री आजीला फोन केला. आजी सातवीपर्यंत शिकलेली, पण दिडकी-अडीचकीपर्यंत तिचे पाढे पाठ आहेत आणि दुधाचा हिशेब ती अजून तोंडी करते. तिला विचारलं, ५२ मधून २७ कसे काढतेस? ती म्हणाली, "बारातून सात गेले पाच, हातचा एक. दोन आणि एक तीन. पाचातून तीन गेले दोन. पंचवीस." मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. हातचा एक तिने खालच्या दोनाला दिला होता. म्हणजे परत केला होता! वरच्या संख्येत दहा सुटे वाढवायचे आणि खालच्या संख्येत एक दशक वाढवायचं. दोन्हीकडे दहाच वाढले, त्यामुळे फरक तेवढाच राहतो. आजीला हे असं का ते सांगता येईना. "आमच्या गुरुजींनी असंच शिकवलं," म्हणाली. पण निळ्या रिबिनीच्या मुलीने विचारलं होतं ते नेमकं हेच. तिचा प्रश्न एका अख्ख्या रीतीच्या दारात उभा होता आणि मी ते दार लावून घेतलं होतं.

या गावात संध्याकाळी मेथी-कोथिंबिरीची काढणी असते. उपटायची, माती झटकायची, जुड्या बांधायच्या, रात्री टेम्पो भरायचा. पहाटे माल पुण्याच्या मार्केट यार्डात. तिथे पालेभाजीचा भाव शेकड्यावर निघतो, शंभर जुड्यांना इतके रुपये. माझ्या वर्गातली निम्मी मुलं हे रोज ऐकतात. सकाळी परिपाठाला उभी राहतात तेव्हा कुणाकुणाच्या नखांत अजून हिरवा रंग असतो.

तीन दिवसांनी मी दोन खराटे सोडवले, हीर बोटभर लांबीचे कापले आणि किराणा दुकानातून रबरांची पुडी घेतली. दहा-दहा हिरांच्या जुड्या मुलांनीच बांधल्या. मग म्हणाले, "बावन्न काढून ठेवा." एका मुलाने दोन जुड्या आणि पाच सुटे ठेवले. पंचवीस. मी त्याला लगेच दुरुस्त केलं नाही, त्याला मोठ्याने म्हणायला सांगितलं. "बा-वन्न," तो म्हणाला आणि थबकला. आपल्या भाषेत एकक आधी कानावर पडतो आणि दशक मागून येतं. बावन्न, सत्तावन्न, पंचेचाळीस, सगळं असंच. लिहिताना मात्र दशक आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास दोन' असंही म्हणून दाखवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष. त्यांनी शांतपणे सांगितलं होतं की मुलांना जोडाक्षरी, उलट वाटणाऱ्या संख्यानामांचा त्रास होतो म्हणून ही जोडीची वाट दिली आहे. मी तेव्हा शाळेत होते, आमच्या घरीही सगळे त्या पुस्तकावर चिडले होते. 'बा-वन्न' म्हणून थबकलेल्या या मुलाचा चेहरा बघितल्यावर मला नारळीकर बाईंचं म्हणणं कळलं. त्याने आपणच दोन जुड्या बाजूला सारल्या, पाच मोजल्या, दोन सुटे ठेवले.

मग मी सत्तावीस मागितले. "गिऱ्हाईक आलंय, सत्तावीस पाहिजेत." दोन जुड्या पटकन पुढे आल्या. आता सात सुटे हवे होते आणि सुटे दोनच होते.

इथे मी गप्प बसले. हे लिहायला सोपं आहे, करायला फार अवघड गेलं. मेरी बड रो नावाच्या एका अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभर थांबतात. कुणी बोललं नाही की लगेच दुसऱ्या मुलाला विचारतात, नाहीतर स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तेच तीन सेकंद किंवा थोडं जास्त थांबलं तर मुलांची उत्तरं लांब होतात, एरवी न बोलणारी बोलू लागतात, मुलं स्वतः प्रश्न विचारतात. मी हे परीक्षेसाठी पाठ केलेलं होतं. खरोखर थांबले तेव्हा कळलं की तीन सेकंदांत माणसाच्या मनात किती काय काय येऊन जातं. मुलांना येत नाहीये, आपण चुकीचं दिलं, बाई मागे बसल्यात, एवढं सांगून टाकावं. मी टेबलाची कड धरून ठेवली.

मागच्या ओळीतला चौथीचा एक मुलगा पुढे सरकला. त्याचे वडील टेम्पो घेऊन यार्डात जातात. त्याची वही कधी पूर्ण नसते आणि उदाहरण विचारलं की तो खिडकीबाहेर बघतो. तो म्हणाला, "जुडी सोडावी लागंल की."

त्याने तिसरी जुडी उचलली, रबर काढून मनगटात अडकवलं आणि हीर सतरंजीवर सोडले. एक घरंगळत दप्तराखाली गेला, तो शोधून आणला. दहा आणि दोन, बारा. त्यातले सात दिले. उरले पाच सुटे आणि दोन जुड्या. मग त्याने मला सांगितलं, "मॅडम, तिथं पाच हाय नव्हं का, तिथं चार लिवा. एक सोडली." मी खडू त्याच्या हातात दिला. त्याने पाचावर तिरकी काट मारून वर चार लिहिले, दोनाच्या जागी बारा लिहिले. हे चिन्ह मी आधी वीस वेळा फळ्यावर काढून दाखवलं होतं. त्याने ते पहिल्यांदाच कशासाठी तरी काढलं.

आणि मग निळ्या रिबिनीची मुलगी म्हणाली, "मंजी हे उसनं नाहीच, मॅडम. जुडी आपलीच होती. आपणच सोडली."

तिने तीन दिवस तो प्रश्न जवळ ठेवला होता.

मी मधल्या सुट्टीत हे वाक्य टाचणवहीत लिहून ठेवलं. लिहायला जागा उजवीकडच्या रकान्यातच होती, पण तिथे मी आदल्या रात्री 'विद्यार्थी उत्तर देतात' असं लिहून ठेवलेलं. ते खोडलं आणि त्याच्यावर बारीक अक्षरात तिचं वाक्य बसवलं.

तेव्हापासून मी रोज उजवा रकाना कोरा ठेवून शाळेत जाते. डावा आधी भरते, त्यात कसूर करत नाही. माझा प्रश्न काय असेल, साहित्य किती लागेल, कुठे मुलं अडतील याचा अंदाज, हे सगळं आधी ठरवावंच लागतं. मुलांना मोकळं सोडायचं म्हणून शिक्षकाने रिकामं जायचं हा समज मला बरोबर वाटत नाही. जुडीचा पाठ जमला कारण मी हीर मोजून कापले होते आणि २७ हा आकडा मुद्दाम निवडला होता. २१ मागितले असते तर जुडी सोडायची वेळच आली नसती. पण उजवीकडे काय येणार ते मुलांच्या हाती. शाळा सुटल्यावर गाडीची वाट बघत पारावर बसून मी तो भरते. कोण काय म्हणालं, कोण कुठे थांबलं, कुणी कुणाला समजावलं. आठवत नसेल तर तसं लिहिते. पहिल्या आठवड्यात पाच-सहा मुलांच्याच नावापुढे काही लिहिता आलं. बाकीची अठरा मुलं त्या खोलीत दिवसभर होती आणि माझ्याकडे त्यांचं एक वाक्यही नव्हतं. हे फार लागलं मनाला.

एकदा फोनवर माझाच पाठ ध्वनिमुद्रित केला आणि गाडीत कानाला लावून ऐकला. पस्तीस मिनिटांतली निम्म्याहून अधिक मीच. मुलं बोलतात ती एका शब्दात: 'हो', 'नाही', 'बारा', 'कळलं'. 'कळलं का?' हा प्रश्न मी अकरा वेळा विचारला होता आणि अकराही वेळा सगळ्या वर्गाने एका सुरात 'हो' म्हटलं होतं. हल्ली मी 'कळलं का' विचारायचं सोडलंय. त्याऐवजी विचारते, "हे तू शेजारच्याला कसं सांगशील?" मग गोंगाट होतो, पण त्या गोंगाटात कान घातला की कळतं कोण कुठे आहे.

गोंगाटावरून एक शेरा मात्र माझ्या नावावर लागला. दुसरा निरीक्षणाचा पाठ तीन अंकी वजाबाकीचा घेतला, ३०४ वजा १६८. मुलांनी दहा जुड्यांचा एक भारा बांधला होता. तीन भारे, जुडी एकही नाही, सुटे चार. आठ हवेत. सोडायला जुडीच नाही. मुलं अडली आणि वाद सुरू झाला. "आधी भारा फोड." "भारा फोडून सुटे कुठं होत्यात, जुड्या होत्यात." "मग त्यातली एक सोड." तीन गटांत तीन भांडणं, रबरं उडत होती, दोघांनी तर रबरांची नेमबाजीच चालवली होती. तास संपला तेव्हा दोन गट १३६ वर पोचले होते आणि तिसरा अजून भारा फोडत होता. शेऱ्यात आलं: 'आशय वेळेत पूर्ण झाला नाही. वर्गनियंत्रणाकडे लक्ष द्यावे.' पहिल्या पाठापेक्षा गुण कमी.

मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. वेळेचं ते बरोबर आहे. दोन वर्ग एका खोलीत असताना एका वर्गाच्या वजाबाकीवर सव्वा तास गेला तर दुसऱ्या वर्गाचा हक्क जातो, हे बाईही मला सांगतात. पण तो वाद मला थांबवायचा नव्हता. 'शून्याकडे उसनं मागायला गेलो, त्याच्याकडे नव्हतं, म्हणून पलीकडच्या घरी गेलो' ही गोष्ट मी लहानपणी ऐकली होती आणि सातवीपर्यंत शून्याच्या वजाबाकीत चुकत होते. या मुलांपैकी निदान पंधरा जणांना आता ठाऊक आहे की ते शून्य नंतर नऊ का होतं. भारा फोडल्यावर दहा जुड्या झाल्या, एक सोडली, नऊ राहिल्या. त्यांनी त्या नऊ डोळ्यांनी पाहिल्या.

पालकांचं वेगळं असतं. एका मुलाची आजी एकदा वही घेऊनच शाळेत आली. "ओ मॅडम, पंध्रा दिस झालं, वहीत दोनच पानं. पोरगं घरी म्हणतंय आमी काड्या मोजतो." तिच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. ती स्वतः शाळेची पायरी चढलेली नाही. तिच्या लेखी भरलेली वही म्हणजे शिकल्याची पावती, दुसरी कुठली पावती तिला वाचता येत नाही. तिला मी सक्रिय अध्ययन काय समजावणार होते? नातवाला बोलावलं आणि म्हणाले, आजीला शंभरातून अडतीस काढून दाखव. त्याने भारा फोडला, जुडी सोडली, बोलत बोलत बासष्ट दाखवले आणि मग तेच वहीत मांडलं. आजी सगळं बघत होती. मग म्हणाली, "बरं. पर लिवायला बी लावा." मी लावते. तिचं म्हणणं मला पटलंय. हातांनी केलेलं कागदावर उतरल्याशिवाय मुलाला ते पुढच्या वर्गात सोबत नेता येत नाही. पाढ्यांचंही तसंच. बाई रोज परिपाठानंतर पाढे म्हणून घेतात, सुरात. आधी मला ते जुनं वाटायचं. आता बघते की ज्या मुलांचे पाढे पाठ आहेत त्यांचं लक्ष मोजण्यात अडकत नाही, त्यांना विचाराला सवड मिळते.

बाईंच्या नोकरीची अजून नऊ वर्षं आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायला हवं. पंचवीस वर्षं शिकवून झाल्यावर बाई आता परीक्षार्थी आहेत. मलाही तीच परीक्षा द्यायची आहे. १५० प्रश्न, अडीच तास. मुलं खिचडी खाऊन मैदानात पळाली की आम्ही दोघी ओट्यावर बसतो आणि एकमेकींना प्रश्न विचारतो. परवा बाईंनी वाचलं, "पियाजेच्या मते मूर्त क्रियात्मक अवस्थेचा वयोगट कोणता?" मूल प्रत्यक्ष वस्तूंच्या आधाराने तर्क करू लागतं, त्या वयाला मानसशास्त्रज्ञ पियाजेने दिलेलं हे नाव. मी म्हणाले, "सात ते अकरा." बाईंनी पुस्तक मिटलं आणि समोर बोट केलं. मैदानात चौथीची मुलं कबड्डीची रेघ आखत होती. दोन्ही बाजू सारख्या याव्यात म्हणून एक मुलगा पावलाला पाऊल लावून मोजत होता, दुसरा म्हणत होता, "तुझं पाऊल बारकं, माझ्या पावलानं मोज." तिसरा म्हणाला, "दोन्हीकडं एकानंच मोजा म्हंजे झालं." बाई म्हणाल्या, "हे उत्तर चार पर्यायांत कुठं बसवायचं सांग." आणि मग पुन्हा पुस्तक उघडून पुढचा प्रश्न वाचला.

या भागात असल्यामुळे मला बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या अनुताई वाघांची फार आठवण येते. त्यांचा जन्म मोरगावचा, १९१०. इथून जेजुरी ओलांडली की मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, मग शिक्षण, मग शिक्षिकेचं प्रशिक्षण. १९४५ मध्ये त्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या, पुढे दोघी कोसबाडला. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जायची, शाळेत येणं त्यांना शक्यच नव्हतं. तेव्हा शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. दगड, पानं, बिया, शंख हेच साहित्य. कॉलेजात हे टिपेत चार ओळींचं होतं आणि मी चार गुणांसाठी ते लिहिलं. आता मला त्या कुरणातला एखादा दिवस बघावासा वाटतो. सकाळी तिथे पोचल्यावर त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? आणि मुलं बोलेपर्यंत किती वेळ थांबल्या असतील? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये 'कृती, शोध आणि अन्वेषणातून शिकणं' असं आज लिहिलेलं आहे. ते लिहिलं गेलं २००९ मध्ये. अनुताई १९९२ मध्ये गेल्या.

दिवाळीनंतर आमच्या वर्गात एक मुलगी आली. आई-वडील वीटभट्टीवर कामाला आलेत, मराठवाड्यातून. वय चौथीचं, म्हणून चौथीत. नाव विचारलं तर हळूच सांगायची, त्यापलीकडे काही नाही. हजेरीलाही नुसता हात वर. माझ्या उजव्या रकान्यात तिच्या नावापुढे आठवडेच्या आठवडे एकच शब्द आहे: 'गप्प'. मी तिला प्रश्न विचारून तीन सेकंद थांबले, दहा थांबले. एकदा इतकी थांबले की तिचे डोळे भरून आले, तेव्हापासून सगळ्यांसमोर विचारणं बंद केलं. थांबण्यानेही मुलावर भार पडतो, हे मला तिच्यामुळे कळलं. हीर मात्र तिच्यापुढेही रोज ठेवत होते.

या आठवड्यात हातच्याची बेरीज घेतली. ३८ आणि २६. एव्हाना रबरं निम्मी तुटली, उरलेली नेमबाजीत खिडकीबाहेर गेली. मुलं जुड्या एकत्र करत होती, सुटे एका ढिगात ओतत होती. आठ आणि सहा, चौदा सुटे. ती तिच्या कोपऱ्यात एकटीच करत होती. चौदातले दहा तिने मोजून वेगळे काढले, तळहातावर आपटून टोकं सारखी केली. मग इकडे-तिकडे बघितलं. पुडी रिकामी होती. मी दोन पावलं पुढे गेले आणि थांबले.

गुरुवारचा उजवा रकाना असा आहे: 'रबर नव्हतं. हिने वेणीचं रबर काढलं आणि जुडी बांधली. सहा जुड्या, चार सुटे. बोलली नाही. उरलेला तास एक वेणी सुटलेलीच होती.'